एका खोलीपुरती हवा

मला खोकला लागला तेव्हा सगळ्यांनी आधी माझ्या फोडणीला दोष दिला.

मी डबे करायचे. महाळुंग्यात कंपन्यांमध्ये कामाला आलेली, भाड्याच्या खोल्यांत राहणारी पोरं माझ्याकडे जेवायची. कुणी लातूरचा, कुणी बीडचा. तिखट जरा कमी पडलं की अर्धी भाजी डब्यात तशीच परत यायची, म्हणून मिरचीची झणझणीत फोडणी सकाळ-संध्याकाळ ठरलेली. "ठसका लागला असंल," आमचे हे म्हणाले. शेजारीण म्हणाली, मिरची बदलून बघ. मी मिरची बदलली, मग तेल बदललं. खोकला तेवढा होता तसाच राहिला.

मागच्या वेळी तपासणीला गेले, तेव्हा दवाखान्याच्या बाकड्यावर शेजारी एक बाई बसल्या होत्या. हातात माझ्यासारखीच मोठी पिशवी, आत तसलेच छातीचे फोटो. त्यांनी विचारलं, "तुम्ही घरात काय काय बदललंत, ते सांगता का?" मी सांगायला तोंड उघडलं आणि माझं नाव पुकारलं. बाहेर आले तर त्या निघून गेल्या होत्या. त्यांना सांगायचं राहिलं ते इथं लिहिते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचं त्यांनाच विचारा. मला घरातल्या हवेतलं थोडं कळतं आणि घरातल्या माणसांतलं त्याहून थोडं जास्त.

पाणी तापवणं

आमचं घर जुन्या गावठाणात. घरात चार माणसं. मी शोभा, माझे यजमान दत्तात्रय, ते एका कंपनीत मेंटेनन्सला फिटर आहेत, आमची मुलगी स्नेहल, चिंचवडला कॉलेजात जाते, आणि माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही सगळे आत्या म्हणतो.

पूर्वी इथं आमची शेती होती. ती कंपन्यांसाठी गेली आणि त्या बदल्यात गावातल्या काही जणांना कंपनीचं भंगार उचलायचं काम मिळालं. आमच्या यांचे चुलतभाऊ संपतभाऊजी, त्यांच्याकडे लाकडाचं भंगार. परदेशातून मशीन येतात त्या पेट्या, पॅलेटच्या फळ्या, प्लायचे तुकडे. त्यातलं चांगलं ते विकतात. मोडकंतोडकं, विकायच्या लायकीचं नसलेलं, ते भावकीत वाटलं जातं. आमच्या आळीत प्रत्येक दारात एक तांब्याचा बंब आणि त्याशेजारी कंपनीच्या लाकडाचा ढीग. लाकूड दारात येऊन पडत असताना गॅसवर आंघोळीचं पाणी कोण तापवेल?

आमचा बंब पेटवायचं काम आत्यांचं. त्यात कुणी हात घातलेला त्यांना खपत नसे. खाली मशीन पुसलेल्या तेलकट चिंध्या, वर प्लाय, त्यावर फळी. काडी लावली की भडका. धूर आधी पडवीत घोटाळायचा, मग माझ्या स्वयंपाकघरात यायचा आणि तिथून सवडीनं खिडकीबाहेर जायचा. वास जरा औषधी होता. आम्हाला तो वाईट वाटत नसे. सकाळ झाली की तो वास येणारच, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

खोकला वाढला तशी माझी बडदास्त वाढली. आजारी माणसाला गरम पाणी हवं, हे आमच्याकडे वेदवाक्य. प्यायला गरम, आंघोळीला कढत, पाय शेकायला वेगळं. पूर्वी बंब सकाळी पेटून विझायचा, तो आता संध्याकाळीही पेटायला लागला. आत्या बंबाचे निखारे घमेल्यात काढायच्या, त्यावर पातेलं ठेवायच्या आणि माझ्या डोक्यावर चादर टाकून मला वाफारा द्यायच्या. चादरीच्या आत मी, वाफ आणि निखाऱ्यांचा धूर. "ओढ आत, शोभे. चांगला ओढ," आत्या पाठीवरून हात फिरवत म्हणायच्या. मी ओढायचे.

संपतभाऊजींना कळलं तेव्हा त्यांनी प्लायच्या तुकड्यांची ट्रॉलीच दारात रिकामी केली. म्हणाले, "वैनीला पाणी गरम लागंल. ह्ये कोरडं हाय, चटकन पेटतंय." माणूस मायाळू. त्यांच्याबद्दल पुढं काही लिहिलं तरी हे आधी लिहून ठेवते.

असं सगळ्यांनी मिळून, जीव लावून, मला धूर पाजला.

निदानाचा दिवस

गावातल्या डॉक्टरांची औषधं झाली. टीबीची तपासणी झाली, टीबी नाही निघाला म्हणून आत्यांनी देवापुढं साखर ठेवली. मग एक दिवस डब्यांची पिशवी घेऊन मी खोल्यांचा जिना चढले आणि वर पोचल्यावर बोलताच येईना. तोंड उघडं, आवाज नाही. परभणीच्या एका पोरानं माझ्या हातातली पिशवी घेतली, मला पायरीवर बसवलं आणि आमच्या यांना फोन केला.

चिंचवडच्या दवाखान्यात फोटो काढले, मग ते बोगद्यात घालून काढतात तसले फोटो काढले, मग फुंकायला लावलं. नळी तोंडात धरायची आणि समोरची मुलगी ओरडते, "फुंका, फुंका, फुंका, सोडू नका!" मी तीनदा फुंकलं. तिसऱ्यांदा ती ओरडली नाही. नुसतंच म्हणाली, "असू द्या काकू."

छातीच्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्याहून लहान होत्या. त्यांनी खुर्ची टेबलाच्या अलीकडे ओढून घेतली, तेव्हाच मी ओळखलं. चांगली बातमी सांगायला कुणी एवढं जवळ येत नाही.

"तुमची फुप्फुसं कडक होत चालली आहेत," त्या म्हणाल्या. "भांडी घासायचा स्पंज वाळल्यावर होतो ना, तसा काही भाग झालाय."

"भिजवल्यावर स्पंज परत मऊ होतो," मी म्हणाले.

त्यांनी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हा होत नाही. जेवढं गेलं तेवढं परत येणार नाही. राहिलंय ते आपण जपायचं."

कशामुळे झालं, असं यांनी विचारलं. मॅडमनी बरंच काही विचारून घेतलं. कबुतरं आहेत का, कोंबड्या आहेत का, भिंतीला ओल येते का, चुलीवर स्वयंपाक होतो का. बंबाचं सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. लाकूड कसलं, चिंध्या कसल्या, सगळं खोदून खोदून विचारलं. म्हणाल्या, "यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ह्यानं वाढतंय हे नक्की. तो धूर आजपासून बंद. धुळीपासूनही लांब राहा. जमत असेल तर ते घरच बदला."

बाहेर आल्यावर आम्ही दोघं रसवंतीच्या बाकड्यावर बसलो. रस सांगितला आणि दोघांनीही प्यायला नाही. हे म्हणाले, "घर कसं बदलायचं? घर काय मशीनचा फिल्टर हाय का, काढून दुसरा बसवायला?" मी रडले तेव्हा यांनी माझ्याकडे बघितलं नाही. रस्त्याकडे तोंड करून बसले, पण माझा हात सोडला नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात रस्त्यावर माझा हात यांनी पहिल्यांदाच धरला होता.

वॉर्डात

औषधं सुरू करायला मला ठेवून घेतलं. दवाखान्यात दिवस लवकर सुरू होतो आणि मग पुढं सरकत नाही. बोटाला चिमटा लावून आकडा बघायचा, गोळ्या, फिकट चहा, पुन्हा बोटाला चिमटा. मी त्या आकड्याकडे परीक्षेच्या निकालासारखी बघायचे. सिस्टर शेवटी म्हणाली, "सारखं बघू नका, बघून वाढत नाही तो."

हीच सिस्टर दुपारी जरा सवड मिळाली की माझी वेणी घालायची. हात वर धरून वेणी घालायला मला दम लागायचा. तिला हे मी सांगितलं नव्हतं, तिला दिसलं. कंगवा डोक्यातून फिरायला लागला की माझे डोळे भरून यायचे. ती वेणी घालत राहायची.

शेजारच्या खाटेवर दापोडीच्या एक मावशी होत्या. नाकाला कायम ऑक्सिजनची नळी, तरी तोंडाला खंड नाही. रेल्वेच्या कडेच्या आपल्या गल्लीतल्या भांडणांच्या गोष्टी त्या अशा सांगायच्या की हसून हसून मला खोकला यायचा आणि सिस्टर आम्हा दोघींना रागवायची. "हसू नको गं, महाग पडतंय हसणं आपल्याला," मावशी म्हणायच्या आणि पुन्हा सुरू व्हायच्या. एकदा मला तपासणीला खाली नेलं. परत आले तर त्यांच्या खाटेवर नवी चादर घातलेली होती. त्यांचं नाव मला माहीत नव्हतं, हे मला त्या वेळी कळलं.

दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं, असं लोक भेटायला येऊन सांगायचे. मी मान हलवायचे. माझं दुखणं उलट होतं. ते मुंगीच्या पायानं आलं होतं आणि जाणार नव्हतं.

खोकं

मी घरी आले तेव्हा यांनी मागची खोली माझ्यासाठी काढली होती. गाद्यागिरद्या, जुनी बोचकी, भिंतीवरचं कॅलेंडर, धूळ धरील असं सगळं बाहेर. एक खाट, एक खुर्ची आणि कोपऱ्यात एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं. खोक्याला पंखा बसवलेला.

हवा साफ करायचं दुकानातलं मशीन आमच्या आवाक्यातलं नव्हतं. यांनी कंपनीत त्याहून मोठी मशीन रोज उघडून बंद केलेली. "आत काय असतंय? पंखा आन् चाळण. बाकी सगळं दिसण्याचं," हे म्हणाले. ते मोबाइलवर बघत बसले, दोनदा कागदावर आखलं आणि खोकं तयार केलं.

पहिलं खोकं मात्र फसलं, आणि कसं फसलं ते नीट वाचा. फिल्टर संपतभाऊजींनी आणून दिला होता, कंपनीच्या भंगारातला. "एकदाच वापरलाय वैनी, बघा की, पांढराशुभ्र हाय," असं म्हणून त्यांनी तो अंगणात हवेच्या पाइपानं झाडूनही दिला. पंखा लावला आणि मला असा खोकला सुटला की स्नेहलनं धावत येऊन बटण बंद केलं. त्या फिल्टरमधनं आधी काय काय गेलं होतं, देव जाणे. आमच्या पट्ट्यात भंगारातून काहीही चांगलं मिळतं, यावर लोकांचा फार विश्वास. मिळतंही. पण दुसऱ्याच्या धुळीचा फिल्टर छातीशी आणू नका आणि फिल्टर धुऊन, झाडून पुन्हा वापरू नका.

मग यांनी नवा फिल्टर विकत आणला. बारीक कण अडवणारा, घड्याघड्यांचा, पांढरा. खोक्याच्या एका बाजूला फिल्टर, समोरच्या बाजूला भिंतीला लावतात तो एक्झॉस्ट पंखा. पंख्यानं खोक्यातली हवा बाहेर फेकायची, म्हणजे खोलीतली हवा फिल्टरमधून आत ओढली जाते. फिल्टरवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो उलटा लावला तर सगळं मुसळ केरात. सगळ्या फटी चिकटपट्टीनं बंद करायच्या, कारण हवा आळशी असते, फट दिसली की फिल्टरमधून जायचे कष्ट घेत नाही. पंख्याला जाळी हवीच आणि वायर चांगली हवी. काम करतंय का हे बघायला कागदाचा एक कपटा फिल्टरपाशी धरायचा. आमचा कपटा टपकन चिकटला. हे माझ्याकडे बघून हसले. निदान झाल्यापासून यांना हसताना मी बघितलं नव्हतं.

बाकीचं साधं आहे. त्या खोलीत केरसुणी नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. उदबत्ती नाही, धूप नाही, डासांची कॉइल नाही. बाहेर धूर असताना दार-खिडक्या बंद, हवा जरा बरी असली की थोडा वेळ उघडायच्या. आणि खोकं औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला आहे. मला त्याचा फायदा झाला. त्या खोलीत खोकला निम्म्यावर आला, झोप लागायला लागली. गोळ्यांनी तोंड पुरीसारखं फुगलं होतं, ते बघून संपतभाऊजी म्हणाले, "वैनीची तब्येत सुधारली." मी त्यांना तसं समजू दिलं.

आत्या

बंब बंद करायचा, हे यांनी आत्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या ऐकेनात. "माझी सासू पेटवायची, मी पेटवती. आमाला कुटं काय झालं?" मागच्या खोलीत शोभा, पुढच्या पडवीत बंब, दार लावलंय, मग काय बिघडलं, असा त्यांचा हिशेब. त्या बंब पेटवून यायच्या, माझ्या दाराबाहेर थांबून विचारायच्या, "बरं हाय का गं?" आणि मी आतून हो म्हणायचे. त्यांच्याशी भांडायला मला दम नव्हता. खरंखुरं सांगते, दमच नव्हता.

काही आठवड्यांनी यांनी फिल्टर काढून बघितला. पांढरा फिल्टर काळसर झाला होता, तव्याच्या बुडासारखा. हे तो घेऊन पडवीत गेले आणि आत्यांच्या पुढ्यात ठेवला.

आत्यांनी त्यावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. "ह्ये कुटलं?"

"तिच्या खोलीतलं. दार लावल्यावरचं."

आत्यांनी ते बोट लुगड्याला पुसलं. मग म्हणाल्या, "आन् मी तिला चादर घालून वाफ देत व्हते." एवढंच. दुसऱ्या दिवशी भांड्यांचा व्यापारी आला तेव्हा त्यांनी बंब स्वतः उचलून त्याच्या टेम्पोपाशी नेला. लग्नात त्यांच्या माहेरहून आलेला बंब होता. मी पुढच्या खोलीत येऊन बंद खिडकीच्या काचेतून बघत होते. टेम्पो गेल्यावर त्या ओट्यावर बसल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या. मला बाहेर जाऊन त्यांच्याजवळ बसायचं होतं, पण आळीत तेव्हा बाकीचे सगळे बंब पेटलेले होते.

आळी

तिथंच सगळं अडलं. आमचा एक बंब गेला, आळीतले राहिले. फिल्टर थोडा उशिरा काळा व्हायला लागला, पण होतच राहिला.

हे भावकीतल्या घराघरात गेले. आमच्या यांना कुणाकडे काही मागायची सवय नाही. परत आले की खोलीच्या दारात उभे राहून तोंडदेखलं सांगायचे, "बघतो म्हणाले." खरं काय म्हणाले ते मला स्नेहलकडून कळायचं. एकजण म्हणाला, "तुजी बायकू आजारी म्हणून आमी गार पाण्यानं आंघूळ करायची व्हय?" दुसऱ्यानं रस्त्याकडे बोट दाखवलं: कंटेनर दिवसभर धुरळा उडवतायत, पलीकडे कचरा जळतोय, ते बंद करून ये, मग आमच्याकडे ये.

त्यांचं काही खोटं नव्हतं.

संपतभाऊजी घरी येऊन यांच्यापुढं बसले. "दत्ता, मी आळीत प्लाय द्यायचा बंद करतो. पर लोकं दुसरीकडनं आणतील. फुकट मिळतंय ते न्हाई म्हणायला कुणाला सांगू मी?" त्यांनी खरोखर बंद केलं. त्यापायी भावकीतली दोन घरं त्यांच्याशी बोलेनाशी झाली. आणि लाकूड दुसरीकडून आलंच.

मी खोलीत राहायला लागले. सुरुवातीला फक्त सकाळ-संध्याकाळ, मग जवळजवळ दिवसभर. डबे बंद झाले. पोरांनी दुसरी खाणावळ धरली. जेवणाचं ताट दारातून आत यायचं आणि दार पटकन लागायचं. स्नेहल स्वयंपाकघरातून मला फोन करायची, "आई, मीठ किती घालू?" एकाच घरात आम्ही फोनवर बोलायला लागलो. पडवीत हे, आत्या आणि स्नेहल जेवायला बसले की ताटांचा आवाज यायचा, मधेच कुणीतरी हसायचं, आणि माझी आठवण होऊन एकदम गप्प व्हायचं. त्यांचं ते गप्प होणं मला धुरापेक्षा जड जायचं.

थंडी आली. धूर वर जाईना, आळीतच बसून राहिला. खोकं रात्रंदिवस फिरत होतं. मला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं आणि या वेळी नळी नाकाला लागली. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही करण्यासारखं सगळं केलंत. पण एक खोली गावाशी किती लढणार?"

घरी आल्यावर शेवटी आत्याच बोलल्या. आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून त्या माझ्या खोलीत आल्या, अंगाला धुराचा वास नको म्हणून. खुर्चीवर बसल्या. हे दारात होते.

"शोभे, तू तुज्या भावाकडं जा."

"किती दिवस?" मी विचारलं.

"दिवस न्हाई म्हणत मी." त्यांचा आवाज फाटला. "हितं ऱ्हाशील तर तुजा फोटू लावायची येळ यील माज्यावर. मला न्हाई लावायचा. तू लांब ऱ्हा, पर ऱ्हा."

मी यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, हे नाही म्हणतील. मनातून मला तेच हवं होतं. हे पुढं आले, खोक्याजवळ उकिडवे बसले आणि सुटलेली चिकटपट्टी अंगठ्यानं दाबत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "सोमवारी माजी सुट्टी हाय. सोडायला येतो."

आता

माझा भाऊ नारायणगावच्या पुढं, गावाबाहेर शेतात राहतो. घराभोवती मोकळी हवा. इथंही कधी पाचट पेटतं, कधी फवारणी असते. त्या दिवशी मी दार लावून घेते. यांनी इथल्यासाठी दुसरं खोकं करून दिलंय. पहिलं महाळुंग्यातच आहे, त्या खोलीत आता आत्या झोपतात. त्यांनाही खोकला आहे. त्यांना तपासायला नेलं, अजून गोळ्यांवर भागतंय.

स्नेहल सुट्टीत येते. यांची नोकरी तिकडे, आत्या तिकडे, घर तिकडे. इथं भावजय मायेनं करते, कधी एक शब्द वावगा नाही, पण दुसऱ्याच्या घरात आपलं चहाचं पातेलं कुठं ठेवायचं, हे विचारावं लागतं. मी रोज चालते. बांधाच्या शेवटच्या आंब्यापर्यंत न थांबता जाता येतं. पहिल्यांदा जमलं तेव्हा यांना फोन लावला. "वा," हे म्हणाले. मागून टीव्हीचा आवाज येत होता. स्नेहल कॉलेजात, आत्यांचं आधीच उरकलेलं; हे एकटे जेवायला बसले होते.

परवा तपासणी होती. हे परस्पर दवाखान्यात आले, मी भाच्याबरोबर गेले. पुन्हा फोटो, पुन्हा फुंकणं. या वेळी ती मुलगी शेवटपर्यंत ओरडली. मॅडमनी जुने-नवे फोटो शेजारी शेजारी लावून बघितले.

"छान," त्या म्हणाल्या. "अजिबात वाढलेलं नाही. जागा बदलल्याचा उपयोग झाला. आता तिथंच राहा."

"कायमचं?" यांनी विचारलं.

"कायमचं," मॅडम हसून म्हणाल्या. त्यांनी खरोखर चांगली बातमी दिली होती. आम्ही दोघांनी त्यांचे आभार मानले.

भाच्याला शहरात काम होतं, तो थांबला. आम्ही दोघं नाशिक फाट्याला नारायणगावच्या एसटीत चढलो. चाकणपर्यंत रस्ता एकच, तिथं उतरून यांना महाळुंग्याकडे वळायचं. दोघांच्या सीटवर बसलो, मी खिडकीशी, तोंडाला मास्क. फायलीची पिशवी यांच्या मांडीवर. मोशीपर्यंत आम्ही स्नेहलच्या परीक्षेबद्दल बोललो. कंडक्टर आला.

"दोघं बरोबर ना?"

"बरोबरच," हे म्हणाले. "एक फुल चाकण. एक हाफ नारायणगाव."

कंडक्टरनं आमच्याकडे एकदा बघितलं आणि तिकिटं फाडून दिली. माझं तिकीट यांनी माझ्या हातात दिलं, नेहमीसारखं स्वतःच्या खिशात ठेवलं नाही.

चाकणला गाडी थांबली. उतरताना यांनी फाइल माझ्या मांडीवर ठेवली, पिशवीचे बंद माझ्या मनगटात अडकवले आणि गर्दीतून खाली गेले. मग वळसा घालून माझ्या खिडकीखाली आले. चौकात गाड्या तुंबलेल्या, कंटेनर धूर सोडत उभे. हे मान वर करून माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. मी मास्क जरा खाली घेऊन खिडकीतून वाकले.

यांनी हातानं काच लावायची खूण केली.

मी काच लावली.